लांडग्यावर आळ घेण्याआधी पंचनामा करा

शिरूर-दौंड पट्ट्यात शेळी गेली की पहिले नाव लांडग्याचे निघते. मोबाइलवर एखादा अंधूक फोटो फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पोरे काठ्या घेऊन माळावर. २०२५ मध्ये पिंपरखेडला बिबट्याने माणसांचे बळी घेतले, त्यामुळे लोकांची भीती खरी आहे. पण बिबट्या उसातला, लांडगा उघड्या माळावरचा. एकाचा राग दुसऱ्यावर काढून कोणाचीच शेळी वाचणार नाही.

मेलेले जनावर नीट पाहिले तरी पुष्कळ कळते. बिबट्या नरडे धरतो, भक्ष्य उसात ओढून नेतो, मातीत फरपट दिसते. लांडगा सहसा करडू उचलून निघून जातो. मोकाट कुत्री वाघुरीत, म्हणजे मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीत, शिरली तर पाच-सहा मेंढ्या मागून फाडतात आणि बऱ्याचदा न खाताच सोडून देतात. आळ मात्र लांडग्यावर.

तो शेळ्या-मेंढ्या मारतो, हे कोण नाकारेल? माळावर ससे, चिंकारा कमी झाल्यावर त्याने खावे काय? पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणारे धनगर त्याला ओळखून आहेत. वाघूर लावतात, कुत्री ठेवतात, रात्र जागवतात. आणि त्यांतले कित्येक जण एखादे कोकरू त्याच्या वाट्याचे धरूनच चालतात. नुकसान ज्यांचे होते त्यांच्याकडे हे शहाणपण आहे, याचे मला फार मोल वाटते.

इंग्रजांनी बक्षिसे लावून १८७५ ते १९२५ या काळात सुमारे दोन लाख लांडगे मारवले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. आज देशात ते तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघांहूनही कमी. लांडग्याच्याच कुळातला अमेरिकेतला कायोटी असाच बदनाम. त्याला विष घातले, गोळ्या घातल्या, तरी तो शहरांपर्यंत पसरला. आपल्या लांडग्याला ते जमणारे नाही. त्याला मोकळे माळरानच लागते, आणि सरकारदरबारी माळरान म्हणजे पडीक जमीन. तिथे कोणी प्लॉट पाडतो, कोणी पुण्य म्हणून खड्डे खणून झाडे लावतो.

रांजणगावची एमआयडीसी आली, रोजगार आला, तो हवाच होता. पण ढाब्यांचे खरकटे आणि पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्याकडेला पडतात, त्यावर कुत्र्यांच्या झुंडी पोसल्या जातात. त्यांच्याकडून लांडग्यांना रोग लागतात. पुण्याच्या परिसरात लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचे तर जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे.

लांडग्याने मारलेल्या जनावराचीही वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी वेळेत खबर द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो. आज इथे, उद्या तिथे तळ टाकणाऱ्या मेंढपाळाला ते कसे साधावे? ग्रामपंचायतीने १९२६ हा वनखात्याचा क्रमांक चावडीवर रंगवावा, पंचनाम्याला आपला माणूस पाठवावा आणि मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकणाऱ्यांना दंड लावावा. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. शेजारच्या गावांनीही मांडावा.

आपला,
एक वाचक, कारेगाव (ता. शिरूर, जि. पुणे)