तरुणपणीची कंबरदुखी : विश्रांती हा उपाय नव्हे

कंबर धरली की आपल्याकडे निदान घरातच होते. कुणी म्हणते वजन उचलले असेल, कुणी म्हणते मणक्यात गॅप पडला असेल, कुणी वाताला दोष देते. मग शेक, मालिश, कंबरेचा पट्टा आणि ‘आठ दिवस पडून राहा’ हा सल्ला. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआपच कमी होते, त्यामुळे या उपायांना यशही मिळते. पण सगळीच कंबरदुखी एका जातीची नसते.

रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. काही जणांत मात्र ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. कण्याच्या बाबतीत या गटातील प्रमुख आजार म्हणजे ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’. कणा आणि कमरेचे हाड जिथे जुळतात, त्या सांध्यांना प्रथम सूज येते. ती वर्षानुवर्षे राहिली, तर काही रुग्णांत मणके एकमेकांना जुळून पाठ ताठ होते व वाक येतो.

हा आजार ओळखता येतो. दुखणे बहुधा पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होते व तीन महिन्यांहून अधिक टिकते. पहाटे दुखण्याने जाग येते. सकाळी अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ कंबर आखडलेली असते आणि हिंडू-फिरू लागल्यावर मोकळी होते. लचकलेली कंबर आरामाने सुधारते. ही आरामाने बिघडते. सोबत टाच दुखणे, डोळा लाल होऊन दुखणे, सोरायसिस किंवा आतड्याचा जुना विकार असेल, अथवा घरात कुणाला हा आजार असेल, तर संशय बळावतो.

अशा तरुणाला पडून राहायला सांगणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. मुलींची तर आणखी उपेक्षा होते. ‘बाळंतपणानंतर कंबर दुखतेच’ म्हणून वर्षे निघून जातात. हा केवळ पुरुषांचा आजार आहे, ही समजूत चुकीची आहे.

तपासण्यांनीही फसगत होते. सुरुवातीच्या काळात एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. संधिवातासाठीची ‘आरए’ तपासणी या आजारात सहसा निगेटिव्हच येते. ‘एचएलए-बी २७’ पॉझिटिव्ह आले म्हणजे आजार झालाच, असेही नाही. म्हणून कागदांपेक्षा लक्षणे नीट ऐकणारा डॉक्टर महत्त्वाचा. शक्य असेल तर संधिवाततज्ज्ञांना एकदा दाखवावेच. आपल्या देशात मणक्याचा क्षयही विसरून चालत नाही. ताप येणे, वजन घटणे ही लक्षणे असतील, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. पायांतील शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. रोजचा व्यायाम, धूम्रपान बंद आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सूज उतरवणारी गोळी, हा उपचाराचा पाया. तेवढ्याने भागले नाही तर ‘बायोलॉजिक’ इंजेक्शने आहेत. ती महाग असतात व त्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते.

घरातले तरुण मूल रोज सकाळी वाकून चालत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. किती महिने दुखते आहे, एवढे तरी विचारा.