सभा भरेल; विचारविनिमय होईल काय?

नागपूर महानगरपालिकेच्या येत्या सर्वसाधारण सभा, स्थायी समितीच्या बैठका आणि त्यांच्या मागोमाग भरणाऱ्या विषय समित्यांच्या व प्रभाग समित्यांच्या बैठका, यांकडे नागरिकांनी नित्याचा उपचार म्हणून पाहू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. घरात पाणी शिरले म्हणजे ज्या संस्थेची आठवण होते, त्या संस्थेचा कारभार ज्या दालनात ठरतो त्या दालनाकडे इतर वेळी कोणी ढुंकूनही पाहू नये, ही आपल्या शहराची जुनी खोड आहे. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन येथे भरले की सारे नागपूर त्यातील प्रत्येक खडाजंगीची चर्चा पानाच्या ठेल्यावर करते. पण आपल्याच गल्लीतील नालीचा आणि नळाचा निर्णय करणारी सभा केव्हा भरली व केव्हा संपली, हे शंभरात पाच जणांना तरी ठाऊक असते काय?

ही उदासीनता यापुढे परवडणारी नाही. मागील सभागृहाची मुदत ४ मार्च २०२२ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. पालिकेची मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पार पडली पाहिजे, असे भारतीय राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात स्पष्ट लिहिलेले आहे. तथापि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेतील फेरबदल आणि त्यांवरील न्यायालयीन वाद यांत वर्षांमागून वर्षे गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. राज्यघटनेने एक दिवसाचीही पोकळी मानलेली नसताना जवळजवळ चार वर्षे हे शहर निर्वाचित सभागृहावाचून राहिले. ज्या शहरात १८६४ साली नगरपालिका स्थापन झाली, १९५१ साली महापालिका अस्तित्वात आली आणि बॅ. शेषराव वानखेड्यांसारखा कर्ता पुरुष ज्या सभागृहाचा पहिला महापौर झाला, त्या शहराने हे मुकाट्याने सोसावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

यावर एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो सुशिक्षितांकडूनच अधिक येतो. प्रशासकाच्या काळात आरडाओरड नव्हती, तहकुबी नव्हती, फायली भराभर हलत होत्या. मग सभागृहावाचून बिघडले ते काय, असे हे लोक विचारतात. या आक्षेपात मुळीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण जो प्रस्ताव मांडतो, तोच त्यास मंजुरी देतो आणि तोच त्याची अंमलबजावणी करतो, अशी व्यवस्था वेगवान असली तरी तिला प्रश्न विचारणारा कोणी नसतो. प्रशासक कितीही कर्तबगार व सचोटीचा असला, तरी तो मतदारांना उत्तर देण्यास बांधलेला नाही.

याचा दाखला दूर शोधावयास नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी निजलेल्या माणसांच्या घरात शिरले. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, शंकरनगर, सीताबर्डीचा सखल भाग, इतकेच काय, महापालिकेच्याच नावाने ओळखली जाणारी कॉर्पोरेशन कॉलनीदेखील पाण्याखाली गेली. माणसे दगावली, आयुष्यभराच्या पुंजीतून उभे केलेले संसार चिखलात लोळले. तलावाची देखभाल कोणाकडे होती, सांडव्यासमोरील बांधकामास परवानगी कोणी दिली, नदीचे पात्र कोणी आवळले, हे प्रश्न त्याच आठवड्यात खास सभा बोलावून विचारले जावयास हवे होते. पण विचारणार कोण? सभागृहच नव्हते. नागरिकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. न्यायालयाने लक्ष घातले, ही समाधानाची गोष्ट होय; परंतु नालीचा प्रश्न न्यायालयात न्यावा लागतो, हे स्थानिक स्वराज्याच्या प्रकृतीचे सुलक्षण खचित नव्हे.

याचा अर्थ जुने सभागृह निर्दोष होते असा मात्र कोणी करू नये. 'मंजूर, मंजूर' अशा गजरात काही मिनिटांत विषयांची रास निकालात काढणारे सभासद या शहराने पाहिले आहेत. सभेच्या शेवटी 'आयत्या वेळचे विषय' म्हणून नेमके तेच प्रस्ताव पुढे सरकवायचे, ज्यांवर चर्चा होऊ नये अशी कोणाची तरी इच्छा असते, ही युक्तीही जुनीच. जून २०२० मध्ये रेशीमबागेतील सुरेश भट सभागृहात भरलेल्या सभेतून तत्कालीन आयुक्त मध्येच उठून गेले, तो प्रसंग लोक विसरलेले नाहीत. दोष कोणाचा, या वादात आज शिरण्याचे कारण नाही. सभासदांनी आयुक्तांस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे आणि आयुक्तांनी सभागृहास पाठ दाखवावी, यात शेवटी हरतो तो करदाता, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

म्हणूनच नव्या सभागृहाकडून आमच्या अपेक्षा मोठ्या नाहीत. पण त्या नेमक्या आहेत. कायद्याने दरमहा किमान एक साधारण सभा भरली पाहिजे आणि ती लोकांस खुली असली पाहिजे. स्थायी समितीने आठवड्यास एकदा बसले पाहिजे. हा नियम कागदावर न राहता पाळला जावा. विषयपत्रिका सभासदांच्या हाती पडेल त्याच दिवशी ती नागरिकांसही उपलब्ध व्हावी, आणि तीही सर्वसामान्य माणसास उमगेल अशा मराठीत. 'विषय क्रमांक अमुकच्या अनुषंगाने प्रशासकीय मान्यता' या शब्दांआड कोणता रस्ता, कोणता ठेका आणि किती रक्कम दडली आहे, हे वाचणाऱ्यास कळले पाहिजे. आयत्या वेळच्या विषयांत पैशाचा एकही प्रस्ताव येऊ नये. इतिवृत्त वेळच्या वेळी प्रसिद्ध व्हावे, आणि कोणी काय विचारले व प्रशासनाने काय उत्तर दिले याची त्यात नोंद असावी.

स्थायी समितीविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. तिचे सोळा सभासद शहराच्या तिजोरीच्या दारावर बसलेले असतात. त्यांपैकी निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, या तरतुदीमागील हेतू उघड आहे: तिजोरीजवळ कोणी फार काळ रेंगाळू नये. येथे पक्षाची सोय पाहून माणसे बसविली गेली, तर त्याची किंमत शहर पाच वर्षे मोजील. तिजोरीची अवस्थाही ध्यानात घेतली पाहिजे. २०१३ साली जकात गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांशी उठला. २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईपोटी राज्याकडून येणाऱ्या अनुदानावर महापालिकेची मोठी भिस्त आहे. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी ही हक्काची उत्पन्ने उरली. अशा स्थितीत फुगविलेल्या उत्पन्नावर आधारलेले अंदाजपत्रक टाळ्यांच्या गजरात मंजूर करणे ही निव्वळ आत्मवंचना होय. गतवर्षी धरलेले उत्पन्न आणि प्रत्यक्ष जमा यांचा मेळ आधी मांडा, मग नवे संकल्प सांगा, असे म्हणणारा एक तरी सभासद सत्ताधारी बाकांवरून उठला, तर त्याने शहराची मोठी सेवा केली असे आम्ही समजू.

शेवटचा मुद्दा प्रभाग समित्यांचा. लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत दहा झोनमध्ये शहर विभागलेले आहे, आणि १५१ नगरसेवक ३८ प्रभागांतून निवडून येतात. एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक. त्यामुळे आशीनगरच्या बाईने गढूळ पाण्याची तक्रार घेऊन चौघांपैकी कोणाकडे जावे, हे तिलाही कळत नाही आणि चौघांनाही सोयीचे वाटते. हा घोळ मिटविण्याचे ठिकाण म्हणजे प्रभाग समिती. तिची बैठक त्याच भागात, लोकांना येता येईल अशा वेळी आणि आगाऊ जाहीर करून भरावी. शिवाय नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यापासून शहरात स्वतंत्र नांदत असल्याने, अमुक नाली आमची नव्हे, असे म्हणण्याची सवय दोन्ही कार्यालयांना जडलेली आहे. प्रभाग समितीने दोन्हीकडील अधिकाऱ्यांस एका टेबलाशी बसवावे. अर्ध्या तक्रारी तेथेच निकालात निघतील.

नव्या सभागृहाने प्रथम एक काम करावे. प्रशासकीय काळात झालेले मोठे ठेके, करार आणि जागांचे व्यवहार यांचे निवेदन सभेपुढे मागवावे. कोणास बदनाम करण्याचा यात हेतू नाही. मालक परगावाहून परतला म्हणजे दिवाणजी हिशेब पुढे ठेवतो, तो रिवाज आहे. त्यात दिवाणजीचा अपमान नसतो. अंबाझरीच्या पुराचा प्रश्नही या निवेदनात अग्रक्रमाने असावा, कारण पावसाळा दरवर्षी येतो आणि तो कोणाच्या आचारसंहितेसाठी थांबत नाही.

नागरिकांनाही आमचे दोन शब्द. सभा खुली आहे, तुम्ही जा. प्रत्येक मोहल्ल्यातून दोन माणसे जरी प्रेक्षकांच्या बाकांवर शांतपणे बसली, आपल्या नगरसेवकाने तोंड उघडले की नाही याची वहीत नोंद करून परतली, तरी सभागृहाची भाषा पाहता पाहता बदलेल. मत देऊन आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या शहरास चार वर्षे प्रशासकाखाली राहावे लागले, हा धडा ताजा आहे. महापौरांनी सभेची घंटा वाजविली म्हणजे ती केवळ १५१ जणांसाठी वाजत नाही.