सॅव्हेजचे हात

लढाऊ विमानाचा वैमानिक म्हणजे सिनेमाला आयता मिळालेला नायक. पाठलाग, गिरक्या, नेम, सगळं त्याच्याच हातात. बॉम्बरच्या वैमानिकाची पंचाईत निराळी. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बी-१७ मध्ये दहा जण असत. लक्ष्य जवळ आलं की विमानाची दिशा बहुतेक वेळा नॉर्डेन यंत्राला डोळा लावलेला बॉम्बार्डियर सांभाळे. खालून तोफगोळे फुटत असताना वैमानिकाने गप्प बसायचं, कारण विमान जरा हललं तरी नेम चुकायचा. हे गप्प बसणं पडद्यावर आणायचं कसं?

हेन्री किंगने १९४९ मध्ये ‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक हाय’मध्ये ते आणलं. कथा लिहिणारे दोघेही आठव्या हवाई दलात राहून आलेले. बराचसा सिनेमा तळावरच्या खोल्यांत घडतो. हवाई लढत येते ती उशिरा, आणि तीही खऱ्या युद्धात टिपलेल्या फितींतून. ग्रेगरी पेकचा जनरल सॅव्हेज खचलेल्या तुकडीला शिस्त लावतो, माणसं गमावत जातो. मग एका सकाळी विमानाच्या नाकाखालच्या झडपेला धरून अंग वर उचलायला जातो आणि हात ऐकतच नाहीत. इथे ना संगीताचा मारा, ना भाषण.

१९९० च्या ‘मेम्फिस बेल’मध्ये मात्र सगळ्या आपत्ती एकाच मोहिमेत कोंबल्या आहेत. तेही चाललं असतं. खटकतो तो ब्रेमेनचा प्रसंग. धुरात कारखाना दिसत नाही, शेजारी शाळा आहे, म्हणून वैमानिक सगळ्यांचा जीव धोक्यात घालून पुन्हा फेरी मारायला लावतो. असे वैमानिक नसतीलच असं नाही; पण इथे ही फेरी प्रेक्षकाचं मन निर्धास्त करण्यासाठी घातली आहे. गोष्ट १९४३ च्या मे महिन्यातली. त्याच वर्षी जुलैअखेर ब्रिटिश-अमेरिकी हल्ल्यांत एकट्या हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून जास्त माणसं मेली.

जमीन किंगही दाखवत नाही. पण तो कोणाला निर्दोष असल्याचा दाखलाही देत नाही. खालची बाजू पाहायची तर इसाओ ताकाहाताचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) आहे: कोबे शहर, आगीचा वर्षाव, अनाथ झालेली बहीणभावंडं. वैमानिकाचा चेहरा त्यात कुठेच नाही.

हे दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहावेत, आधी ताकाहाताचा. मग सॅव्हेजचे हात का थिजले, याचं किंगने न सांगितलेलं एक कारण आपलं आपल्याला सापडतं.