जमिनीची मोजणी व लेसर किरण

अलीकडे मोजणीच्या वेळीं तिपाईवर उभें केलेलें जें यंत्र दिसतें, त्याविषयीं आमच्या शेतकरी बंधूंत दोन प्रकारचे समज आढळतात. कित्येकांस तें थोतांड वाटतें, कित्येकांस त्याचा आंकडा म्हणजे ब्रह्मवाक्य. आमच्या मतें दोन्ही समज घातक आहेत, दुसरा अधिक.

यंत्राची रीत अशी. त्यांतून लेसर किरण सुटतो, दूर धरलेल्या लोलकावर आदळून परततो, आणि परतलेल्या किरणावरून यंत्र अंतर काढतें. असा पहिला किरण १९६० सालीं अमेरिकेंत मेमन नामक शास्त्रज्ञानें माणकाच्या कांडींतून काढला. १९६९ सालीं चंद्रावर ठेवलेल्या लोलकांवर असलाच किरण पाडून चंद्राचें अंतर मोजण्यांत आलें. मग आमच्या खाचराची काय कथा!

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली, त्यामुळें साखळीचे गुणदोष जवळून पाहिले आहेत. ३३ फूट लांबीची, सोळा आण्यांची ती साखळी. तिच्या चौरसाचा एक गुंठा, व ४० गुंठ्यांचा एकर. देशावरच्या सपाटींत ती ठीक चाले. परंतु रत्नागिरीच्या डोंगरउतारावर ती आडवी ताणून धरणें म्हणजे दिव्यच. तीस अंशांच्या उतारावर ती जमिनीसरशी टाकिली, तर ३३ फुटांचें आडवें अंतर साडेअठ्ठावीस फुटांच्या आसपासच भरतें. यंत्र उताराचा कोनही मोजतें व ही वजावट आपणच करतें. पंजाब-हरियाणाकडे लेसरच्या पातळीवर ट्रॅक्टरमागची फळी खालींवर होऊन शेत सपाट केलें जातें व पाणी वांचतें, हें खरें. पण आमच्या कुणग्यांत तो ट्रॅक्टर वळणारसुद्धां नाहीं. कोंकणास किरणाचा खरा उपयोग मोजणींतच.

तथापि किरण अंतर सांगतो, हद्द सांगत नाहीं. हद्द जुन्या नकाशांत व जमिनींत पुरलेल्या दगडांत असते. हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावरील अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अर्धा मीटर, म्हणजे दीड फुटाहून अधिक, रुंद होते. तिच्या कोणत्या कडेस गडगा घालावा, हें किरणास काय ठाऊक? उपग्रहांच्या संकेतांवर चालणारीं रोव्हर यंत्रें आतां आलीं आहेत, त्यांसही हेंच लागू.

आमच्या माहितीच्या दोन चुलतभावांत बांधावरील एका हापूस कलमावरून तंटा लागला. एकानें आपल्या पोटहिश्श्यापुरतीच मोजणी आणविली; कलम दोन फुटांनीं त्याच्याकडे आलें. दुसऱ्यानें ती नाकारिली. तीन हंगाम आंबा झाडाखालीं कुजला. पुढें कोणीतरी शोध केला, तेव्हां निशाणीचा जुना दगड न्हाणीच्या पायरीस लागलेला सांपडला. तो तेथें कोणी नेला, हें दोघांसही सांगतां येईना. यंत्रानें अंतर बरोबरच मोजलें होतें. परंतु कोठून मोजावें हेंच ठरलें नव्हतें.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, भूमि अभिलेख कचेरींत अर्ज एकट्यानें करूं नये. सर्व हिस्सेदारांनीं व लगतच्या कब्जेदारांनीं मिळून संपूर्ण सर्व्हे नंबराचीच मोजणी मागावी, आणि जुने दगड शोधून, सर्वांसमक्ष मान्य करून मगच यंत्र उभें करूं द्यावें. एक दिवस खर्ची पडेल, चारदोन शब्दही होतील. पण दाव्याचीं वर्षें वांचतील. हें काम पावसापूर्वीं, रान साफ करून उरकावें; करवंदीच्या जाळींतून व वाढलेल्या गवतांतून किरण पार जात नाहीं.