घाशीराम मेला, नाना उरले

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकानं नाना फडणवीसांची बदनामी केली, हा आरोप पन्नास वर्षं उलटली तरी शिळा होत नाही. आमच्या मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या संध्याकाळच्या कट्ट्यावरही तो अधूनमधून निघतोच. पेशवाईतलं बारभाईंचं कारस्थान तडीस नेणारा, 1782च्या सालबाईच्या तहापर्यंत इंग्रजांना पुरून उरलेला मुत्सद्दी. आणि तेंडुलकरांनी त्याला कलावंतिणींच्या बावनखणीत नाचवला!

यात तथ्यच नाही म्हणणं लबाडीचं होईल. कोतवालीच्या मोबदल्यात पोटची पोर गौरी नानांच्या हवाली करणारा बाप नाटकाच्या मध्यभागी आहे, आणि त्या सौद्याला इतिहासाचा भक्कम पुरावा नाही. यावर नाटकाचे चाहते लगेच सांगतात, तेंडुलकरांनीच म्हणून ठेवलंय की हे ऐतिहासिक नाटक नव्हे. मला हा बचाव आरोपाहून लंगडा वाटतो. इतिहास नको होता, तर पुणं कशाला, पेशवाई कशाला, नानांचं नाव तरी कशाला?

म्हणून कल्पित तेवढं सगळं बाजूला काढू. बावनखणी नको, गौरी नको. उरतं काय? औरंगाबादेकडून आलेला एक उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण नानांच्या मर्जीनं पुण्याचा कोतवाल होतो. दशकभराहून अधिक काळ शहर त्याच्या धाकात राहतं. ऑगस्ट 1791मध्ये त्यानं कोठडीत कोंबलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसेक जण गुदमरून मरतात. खवळलेला जमाव दाद मागायला नानांच्याच दारी जातो, आणि अखेर घाशीराम जमावाच्या स्वाधीन होतो. दगडांनी ठेचून त्याला मारतात. नाना जागच्या जागी. 1795च्या खर्ड्याच्या विजयात ते आहेत, 1800 साली मृत्यू येईपर्यंत राजकारणात आहेत.

‘पण नानांनी न्याय केलाच ना?’ केला. इतकी वर्षं त्याला पाठीशी कोणी घातलं, हा प्रश्न मात्र त्या न्यायात बसला नाही. दगड घाशीरामला लागले आणि चौकशी तिथंच संपली. तेंडुलकरांचा नाना हे आधीच ओळखून असतो: पापं आपण करायची, ती जमा व्हायची कोतवालाच्या खाती. बदनामी म्हणायची तर ती एवढीच, आणि तिला 1791चा आधार आहे.

जब्बार पटेलांच्या प्रयोगात हे शब्दांहून जास्त दिसायचं. शेंडी-धोतरातल्या पुरुषांची ती डुलणारी रांग घटकेत कीर्तन करते, घटकेत भिंत होऊन पाठ फिरवते आणि मागं चाललेलं झाकते. सत्तेची जनमानसातली प्रतिमा अशीच माणसांची बनते. नाना एकटे ती उभी करू शकत नाहीत. त्यासाठी आपल्यासारखे, हरिनाम घेणारे, सभ्य लोक लागतात. मोहन आगाशांच्या मिस्कील नानांवर लोक चिडले. माझ्या मते चिडायला हवं होतं या रांगेवर.

चिडलेल्यांनी मग काय केलं? डिसेंबर 1972मध्ये आलेलं नाटक 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनंच थांबवलं. कलावंतांना बाहेर पडून थिएटर अॅकॅडमी काढावी लागली. 1980च्या युरोप दौऱ्यालाही विरोध झाला. नानांची प्रतिमा जपायला निघालेल्या मंडळींनी रंगमंचावरची भिंत प्रेक्षागृहात आणून उभी केली, दुसरं काय!

आणि वरच्याचं पाप खालच्याच्या खाती टाकणं हे पेशवाईपुरतं म्हणू नका. मीरा रोडच्या कुठल्याही नाक्यावर मान वर करा. ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’ झालेल्या गटाराच्या झाकणालासुद्धा हसरा फोटो असतो. गटार तुंबलं की फोटो खाली उतरत नाही, बदली कनिष्ठ अभियंत्याची होते. आपण ‘चला, कारवाई तरी झाली’ म्हणत घरी जातो.

नाटकाचा प्रयोग कुठं लागला तर जरूर बघा. घाशीराम मरतो तिथं उठू नका. त्यानंतर नाना पुणेकरांसमोर येऊन शहरावरचं संकट टळल्याचं सांगतात आणि उत्सवाचा हुकूम देतात, ते नीट ऐका. आणि नाना बदनाम झाले म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, त्या कोतवालाला नेमलं कोणी होतं?