पिशव्या कोण सांभाळणार?



सहलीला निघालेले आपले कोणतेही कुटुंब जरा निरखून पाहा. बाग असो, किल्ला असो की मिरजेच्या उरुसातला पाळणा असो. मुले पुढे पळत असतात, बाप तिकिटाच्या रांगेत असतो आणि सर्वांच्या मागे दोन खांद्यांना दोन पिशव्या अडकवून एक बाई उभी असते. पाळण्यात बसायची वेळ आली की ती म्हणते, "तुम्ही जाऊन या. मी बसते हितं पिशव्यांपाशी."

हे वाक्य मी लहानपणी साताऱ्यात आईच्या तोंडून ऐकले. लग्नानंतर सांगलीत पत्नीच्या तोंडून ऐकत राहिलो. त्यात काही चुकते आहे असे मला कधी वाटले नाही. मी दर रविवारी वस्तीत मुलांचा अभ्यासवर्ग घेतो, जयंतीला समतेवर भाषण करतो. तरीही वाटले नाही. माझे डोळे उघडले ते गोव्यात, मिरामारच्या किनाऱ्यावर, आणि तेही एका दोनचाकी यंत्रामुळे. ती हकीकत आज सांगतो.

2018 सालच्या डिसेंबर महिन्यात आम्ही चौघे गोव्याला गेलो. मी, ही, बारावीतली थोरली आणि सहावीतला धाकटा. कारकुनाच्या पगारात गोवा म्हणजे थट्टा नव्हे. निम्मा खर्च हिच्या भिशीच्या पैशांतून झाला, हे आधीच कबूल करतो. रात्री मिरजेला गोवा एक्सप्रेस धरली. दूधसागरचा धबधबा अंधारातच मागे पडला, पहाटे मडगाव आले आणि तिथून कदंबाच्या बसने पणजी गाठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरामारला गेलो, तर काही माणसे डोक्याला हेल्मेट घालून एका विचित्र गाडीवरून चालली होती. दोन चाके, पण सायकलसारखी एकामागे एक नव्हेत. बैलगाडीसारखी शेजारी शेजारी. मध्ये पाट ठेवावा तशी उभे राहायची फळी आणि समोर छातीपर्यंत येणारा दांडा. आसन नाही, पायात ब्रेक नाही, गिअर नाही. माणूस उभ्या उभ्या पुढे झुकला की गाडी पुढे जाते, सरळ होऊन जरासा मागे रेलला की थांबते. ह्या गाडीला सेगवे म्हणतात. सोबत गाईड घेऊन त्यावरून किनाऱ्याची आणि शहराची फेरी मारायची, असा तो कार्यक्रम होता.

मुले हट्टाला पेटली. तिघांच्या पैशांत आमचा आठवड्याचा बाजार आला असता. तरी म्हटले, एकदाच तर आलो आहोत, आणि तिघांचे पैसे भरले. तिघांचे! मी, थोरली आणि धाकटा. चौथ्या माणसाला विचारायचे माझ्या मनातसुद्धा आले नाही. तिने तर पिशव्या गोळा करून सावलीची जागाही शोधली होती.

गाईड म्हणजे खानापूरकडचा एक तरुण मुलगा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि सुटीत हे काम करत होता. माझेही शिक्षण बी.कॉम., त्यामुळे लगेच गट्टी जमली. त्याने प्रत्येकाचे वजन विचारले. धाकट्याचे निघाले अडतीस किलो. तो म्हणाला, "याला नाही बसवता येणार काका. पंचेचाळीस किलोच्या आत चालत नाही." कारण पटण्यासारखे होते. ही गाडी माणसाच्या वजनाच्या झुकावावर चालते. वजनच पुरेसे नसेल, तर मागे रेलूनही ती वेळेवर थांबायची नाही.

"मग एकाचे पैसे परत घ्या, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी बसवा," तो म्हणाला.

मी पटकन म्हणालो, "परतच द्या."

तेवढ्यात थोरली म्हणाली, "परत कशाला? मम्मी बसेल की."

आणि माझ्या तोंडून निघून गेले, "तिला कुठलं जमतंय! तिला साधी सायकल येत नाही."

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. ती हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, तुम्ही तिला विचारलंत का?"

मी विचारले नव्हते. मग विचारले. ती म्हणाली, "आवं, माझं काय काम त्या गाडीवर? पडले-बिडले तर लोक हसतील." पण डोळे गाडीवरून हलत नव्हते. पोरीने तिच्या खांद्यावरच्या पिशव्या काढून माझ्या हातात दिल्या, ओढणी तिच्या कमरेला घट्ट बांधली आणि हेल्मेट चढवले. कधी नव्हे ते पिशव्या माझ्याकडे आल्या.

आधी मोकळ्या जागेत शिकवणी झाली. पहिला नंबर माझा. पिशव्या धाकट्याकडे देऊन मी रुबाबात चढलो आणि गाडी थरथर कापू लागली. मुलगा म्हणाला, "काका, गाडी नाही थरथरत, तुम्ही थरथरताय." खरेच होते. भीतीने मी अंग मागे टाकत होतो आणि गाडी मला घेऊन मागे मागे जात होती. दोनदा उतरलो. एकदा दांडा सोडूनच उतरणार होतो, तर तो ओरडला. दांडा सोडला की गाडी मोकाट सुटते आणि पायावर येते.

मग ही पुढे झाली. मुलाने समोरून दांडा धरला आणि दुसरा हात पुढे केला. "काकी, हात धरा. एक पाय ठेवा. आता दुसरा. खाली बघू नका, लांब समुद्राकडे बघा." ती चढली. क्षणभर डुलली आणि उभी राहिली. सरळ, शांत. मग हळूच झुकली आणि निघाली! दहा मिनिटांत ती वळत होती, थांबत होती. मुलगा म्हणाला, "काकी, आधी कधी चालवली होती का?"

ती हसून म्हणाली, "न्हाय रं बाबा. पण डोईवर हंडा घेऊन लई चालले."

हिचे माहेर खटाव तालुक्यातले, दुष्काळी भागातले. लहानपणी डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी घेऊन तिने मैलभर पाणी वाहिले आहे. त्या वेळी मान ताठ, नजर लांब आणि पाय हलके ठेवावे लागतात. सेगवेचे शास्त्र तरी वेगळे काय आहे? आपण तळहातावर काठी उभी धरतो. ती ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हात नेला की काठी पडत नाही. सेगवेच्या फळीखाली जायरोस्कोप नावाची कल ओळखणारी साधने असतात. माणूस पुढे कलला की ती मोटारीला कळवतात, आणि मोटार चाके पुढे नेऊन त्याच्या भाराखाली आणते. सेकंदाला शंभर वेळा ही तपासणी चालते. यंत्राला जे सेकंदाला शंभरदा मोजावे लागते, ते आमच्या आयाबहिणींची मान न मोजता करीत आली आहे. फक्त त्याला कुणी हुशारी म्हटले नाही.

फेरी तासाभराची होती. मिरामारला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी आहे. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगिजांच्या हातून सुटला आणि 1963 साली बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते बहुजन समाजातून आलेले. 1973 साली निधन झाले तेव्हाही ते त्या पदावर होते. खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या त्या त्यांच्याच काळात. पुढे मांडवीच्या काठाने कांपालच्या बाजूला गेलो. पलीकडच्या तीरावर रेईश मागूशचा किल्ला दिसतो. तिथे पुष्कळ वर्षे तुरुंग होता. अलीकडे कला अकादमीची इमारत आहे, चार्ल्स कोरिया यांनी आखलेली. गाईड सांगत होता, पोरगी पुढे होती, ही मध्ये आणि मी शेवटी. शेवटी राहून मी काय पाहिले, तर पत्नीची पाठ. इतकी ताठ पाठ मी आधी कधी पाहिली नव्हती. की पाहिली होती, पण तिच्यावर पिशवी होती म्हणून दिसली नव्हती?

धाकटा आणि पिशव्या तिकिटाच्या टेबलापाशी थांबल्या होत्या. परतल्यावर तो म्हणाला, "मम्मी, पिशव्या लई जड असतात गं."

त्या रात्री लॉजवर मला झोप लागेना. आपण सातारची माणसे. बाबासाहेबांच्या लहानपणीचा गाडीचा प्रसंग आपल्या घरोघरी सांगितला जातो. 1901 साली भीमराव, त्यांचे वडीलबंधू आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडे, खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, न्यायला कुणी आले नव्हते. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तेही अटीवर: गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभर त्यांना पाणीही मिळाले नाही. खुद्द बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. हा प्रसंग सांगताना आजही माझा आवाज चढतो.

पण त्या रात्री मनात आले, खानापूरच्या त्या अनोळखी मुलाने आडनाव न विचारता हिच्यापुढे हात केला आणि मी, तिचा नवरा, म्हणालो, 'तिला कुठलं जमतंय!' परक्याने आपल्याला गाडीत घेतले नाही, त्याची चीड आपण पिढ्यानपिढ्या सांगतो. आपल्या घरातल्या गाडीत मात्र बाईला जागा नसते. ती पिशव्या घेऊन बाजूने चालते. ह्याची चीड कुणी यायची? 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. ते माप मी भाषणात वापरले, घरात कधी लावले नाही.

आता थोडे या यंत्राविषयी. अमेरिकेतील डीन केमेन यांनी डिसेंबर 2001 मध्ये सेगवे जगापुढे आणली. ही गाडी शहरे बदलून टाकील, लोक चालणे सोडतील, असा गाजावाजा झाला. तसे काही झाले नाही. किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास; कोण घेणार? ती राहिली पर्यटकांच्या फेऱ्यांपुरती, विमानतळांपुरती आणि पोलिसांच्या गस्तीपुरती. 2020 च्या उन्हाळ्यात मूळ सेगवेचे उत्पादन बंद झाले. त्याच वर्षी मुंबईत वरळी सी-फेसवर पोलिसांच्या गस्तीसाठी अशाच, स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या गाड्या आणल्या गेल्या.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. सेगवे निघण्याआधी केमेन यांनी तोल सांभाळण्याची हीच विद्या अपंगांच्या खुर्चीसाठी वापरली होती. ती खुर्ची जिना चढते आणि दोन चाकांवर उंच होते, म्हणजे बसलेला माणूस उभ्या माणसाच्या नजरेला नजर देऊन बोलू शकतो. ज्या विद्येने आम्ही तासभर मौज केली, तिचे मूळ माणसाला बरोबरीच्या उंचीवर आणण्यात आहे!

कुणी अशा गाडीवर बसणार असेल तर सावधपणे बसावे. हेल्मेट घालावे, मुलाचे वजन लपवू नये, उतारावर आणि काठाकडे नेऊ नये. सेगवे कंपनीचेच मालक जिमी हेसेल्डन, मूळचे इंग्लंडमधील खाण कामगार, 2010 साली याच गाडीवरून कड्याखाली पडून मरण पावले. साडी किंवा ओढणी चाकाकडे लोंबता कामा नये. आणि अशी फेरी सध्या चालू आहे की नाही, याची चौकशी आधी करावी.

सांगलीला परतल्यावर आठ दिवसांनी ही म्हणाली, "आवं, ती उभ्याची गाडी जमली, तर बसायची का जमू नये?" माझ्याकडे उत्तर नव्हते. रविवारी सकाळी आम्ही मोकळ्या मैदानावर जुनी स्कुटी घेऊन जाऊ लागलो. मी मागून धरायचो, नंतर धरावेही लागले नाही. पुढे तिने लायसन काढले. आता महिला मंडळाच्या कामाला ती स्वतः गाडी घेऊन जाते, आणि वस्तीतल्या दोघी-तिघींना तिनेच शिकवले आहे. आता तर मी रविवारच्या वर्गाला तिच्या मागे बसून जातो. सुरुवातीला लोक हसले. आता सवय झाली, त्यांना आणि मलाही.

वाचकहो, गोव्यालाच जावे असे नाही. आपल्या मंडळाची सहल निघेल, कुणी महाबळेश्वरला जाईल, कुणी मुलांना पाळण्यात बसवील. तिथे 'मी बसते पिशव्यांपाशी' असे शब्द कानावर आले, तर ऐकून न ऐकल्यासारखे करू नका. आधी विचारा. नाही म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारा. आणि मग हात पुढे करून त्या पिशव्या घ्या.

त्या खरोखर जड असतात.

जय भीम.