एजंटाचं आडनाव

रात्रीची खोपोली लोकल कर्जत सोडते तेव्हा डब्यात उरतात ती आपलीच पोरं. कुणी पार्सलवाला, कुणी वॉचमन, कुणी कॉलेज अर्ध्यात टाकलेला, आणि पाठ मोडून परतणारे आम्ही गोदीवाले. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, एवढ्या स्टेशनांत परवा हमरीतुमरी झाली. भांडण पगाराचं नव्हतं. 2025 च्या ‘वॉर 2’चं होतं. हृतिकसमोर एनटीआर शोभला का? असा सिनेमा गंभीर हवा की धमाल? टायगर आणि झोयाचं जमलं तसं दुसऱ्या कुणाचं का जमत नाही? एकाने तर दुसऱ्याची कॉलर धरली.

शहाणे म्हणतील, पोरं वाया गेली. आम्ही म्हणणार नाही. शिट्ट्या आम्हीही मारल्यात. पडद्यावर कोण उभा राहणार, हे भांडण म्हणजे माणूस कुणाला म्हणायचं याचंच भांडण आहे. फक्त दोस्तांनो, ते अर्ध्यात सोडू नका. शेवटच्या स्टेशनापर्यंत न्या.

आधी कास्टिंग. टायगरचं खरं नाव अविनाश सिंग राठौर. ‘वॉर’चा कबीर धालिवाल. 2019 च्या ‘फॅमिली मॅन’ मालिकेत साहेब तिवारी, आणि त्याच्यामागे धावणारा जोडीदार तळपदे. कांबळे कुठाय? साळवे कुठाय? आपल्या वाडीवरचा कातकरी वाघमारे कुठाय? हिंदी सिनेमातला कांबळे म्हटला की आम्हाला हवालदारच आठवतो. 2023 च्या ‘पठाण’चा नायक थिएटरात टाकून दिलेलं पोर. आई नाही, बाप नाही, जात नाही. वाटलं, आला एकदाचा बिनआडनावाचा माणूस! पण नाव मिळालं तेही लढवय्या जमातीचं. शाहरुखने या दिवसांत ते नाव छातीवर घेतलं, त्याला आमचा सलाम. तरी सवाल उरतोच. नायक बेवारस चालतो, मग महारवाड्यातला का चालत नाही?

साहेबाच्या देशात तरी काय वेगळं? 1973 च्या बाँडपटात काळ्यांची अख्खी टोळीच खलनायक होती. 2021 च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये 007 हा नंबर एका काळ्या बाईला दिला. नोमी तिचं नाव, काम लशाना लिंचचं. टाळ्या पडल्या. आणि सिनेमा संपायच्या आत तीच साहेबाला सांगते, नंबर बाँडला परत द्या. ही खुबी ओळखा. खुर्ची द्यायची, जुना मालक परतला की काढून घ्यायची, आणि तीही आपल्याच तोंडून!

आता गंभीर की धमाल. हेरपटातली मारामारी फिरून फिरून कंटेनरांच्या रांगेत येते. तिथे आम्ही रोज घाम गाळतो. असंच एक शूटिंग आलं, कुणाचं ते सोडा. हजेरीवर गर्दी हवी होती, मीही गेलो. एकाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, “हा काळा आहे, याला दहशतवाद्यांत घाला.” दिवसभरात तीनदा मेलो. तिन्ही वेळा हिरो माझ्यावरून उडी मारून गेला आणि वर काहीतरी विनोद बोलला. सगळे हसले. मीही हसलो, मेलेला असून. तेव्हा कळलं, धमाल कुणाला परवडते. ज्याचा मुडदा पडतो त्याला जोक सुचत नाही.

राहिलं नात्यांचं. टायगर रॉचा, झोया आयएसआयची. दोन देश एकमेकांवर बंदुका रोखून उभे, आणि यांचा संसार, पोरगं, सगळं झालं. चांगलं झालं. पण 2014 साली नगर जिल्ह्यात, खर्ड्याला, सतरा वर्षांच्या आपल्या पोराला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून झाडाला टांगलं. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. पाकिस्तानची सरहद्द सिनेमात गाण्यात ओलांडता येते. गावाची वेस कुठला एजंट ओलांडणार?

मग आपला एजंट कोण? लोकलच्या खिडकीतून बाहेर बघा. तो माथेरानचा डोंगर. तिथे न्हाव्याच्या घरात 1912 साली विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मला. वकील झाला. 1942 साली भूमिगत झाला, शेतकऱ्या-आदिवासींची पोरं जमवून आझाद दस्ता उभा केला, विजेचे मनोरे आडवे पाडले. फितुरी झाली. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि हिराजी पाटील पडले. लपणं, पाठलाग, दगा, दोस्ती, सिनेमाला लागतं ते सगळं यात आहे. 2020 साली ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी सिनेमा आलाही. डब्यात विचारलं, कुणी पाहिला? एक हात वर झाला नाही. माझाही नाही. ही लाज आधी आमची, मग तुमची.

तेव्हा पोरांनो, भांडा. कॉलर मात्र एकमेकांची धरू नका. हिरो कोण याच्याबरोबर विचारा, मरणारा कोण, आणि त्याला नाव का नाही? उत्तर कुणी देणार नाही. वही काढा, पेन काढा. खोपोली येईपर्यंत एक पान होतं. आपल्या एजंटाचं आडनाव आपल्यालाच लिहावं लागेल.